आईच्या फोनवरचं पान

तिची तान्ही लेक झोपली की घर इतकं गप्प होई, की फ्रीजची घरघरही सोबतीला आल्यासारखी वाटे. नवरा दिवसभर कामावर, आई दूरच्या देशात. आजीने नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. आईच्या जुन्या फोनला व्हिडिओ कॉल झेपत नसे, पाठवलेले फोटो उतरत नसत. नवा घे म्हटलं, तर आई म्हणे, "हा काय मेलाय?" शेवटी तिने आईसाठी वेबसाइटचं एक पानच केलं. रोज एक फोटो, खाली एक ओळ.

आईचं उत्तर यायचं, "छान गं." बस्स. नाक कुणावर गेलं, डोळे कुणाचे, चकार शब्द नाही. आईला नातीची ओढच नाही की काय, हे तिच्या मनात सलत होतं.

त्या दुपारी छत्र्यांच्या दुकानदाराचा फोन आला. त्याची वेबसाइट तिनेच केलेली. "ताई, जुन्या फोनवाली गिऱ्हाइकं म्हणतात, नुसती नावं दिसतात. मालच गायब!"

तिच्या लॅपटॉपवर सगळं ठाकठीक. तिने दुकानाची लिंक आईला पाठवली, फोन स्पीकरवर ठेवायला लावला.

"काय दिसतंय?"

"लाल छत्री, घडीची छत्री. नावं आहेत."

"आणि फोटो?"

"फोटो कुठले? तुझ्या पानासारखंच आहे की."

"माझ्या पानासारखं म्हणजे?"

"तिथंही अक्षरंच असतात ना. 'आज पालथी पडली', 'आज टोपी घातली'. वाचते हो मी रोज."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, फोटो काढायला सवड होत नसेल. एकटीने सगळं ओढतेस, वर माझं टुमणं कशाला?"

तिने दोन्ही पानांचा कोड शेजारी ठेवून पाहिला. फोटोच्या चौकटीची उंची तिने कोडच्या नव्या पद्धतीच्या एका ओळीवर सोडली होती. जुन्या ब्राउझरला ती ओळ कळलीच नाही. चौकटी मिटून सपाट झाल्या. तीच ओळ तिने छत्र्यांनाही चिकटवली होती.

छत्र्या थांबतील. तिने आधी आईचं पान घेतलं, जुन्या रीतीने उंची लिहिली.

"आई, पान पुन्हा उघड बरं."

तिने फोन कानाशी नेला.

"आई? आहेस ना?"

"थांब गं." आईने नाक ओढलं. "पहिल्याच फोटोवर आहे अजून."

फ्रीज घरघरत राहिला.

"नाक तुझ्यावर गेलंय," आई म्हणाली. "बिचारी!"