बुधवारच्या पट्ट्या

"यंत्रासाठी दिलेला हा नंबर म्हणजे घराची चावी नाही, शेजारी ठेवून जायला," संगणक केंद्राचे काटे सर पहिल्याच तासाला म्हणाले होते. "यंत्र अभ्यासासाठी आहे. घरचं काम, कंपनीचं काम, मेव्हण्याच्या लग्नातल्या आहेराची यादी, यातलं काही इथे आणायचं नाही. नंबर कुणाला द्यायचा नाही. ज्याच्या नंबरावर काम निघेल त्याला मी धरणार."

वर्गातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रभावतीनंही डोलावली, पण तिचं लक्ष होतं कुठे? निगडीहून निघताना तान्ही करुणा खोकली होती. खोकला कोरडा होता की ओला, हे नीट कळायच्या आत बस आली होती. सर काय सांगत होते ते कानावरून गेलं आणि तिला वाटलं, आपल्याकडे कुठलं मेव्हण्याचं लग्न आहे? हे आपल्यासाठी नाही.

संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली ही मुलगी लग्नानंतर निगडीच्या प्राधिकरणातल्या दोन खोल्यांत आली, तेव्हा पुढे शिकायचं तिनं मनातून काढून टाकलं होतं. पण नवरा भीमराज पिंपरीच्या कंपनीत फिटर, वाचनाचा नादी. विद्यापीठानं संगणकाचा डिप्लोमा सुरू केल्याची बातमी त्यानंच पेपरात वाचून दाखवली. राहिला प्रश्न तान्ह्या मुलीचा. तर सासूबाई, गिरजाबाई, म्हणाल्या, "तू जा गं. म्या काय लेकरं सांभाळली न्हाईत व्हय? तुझा नवरा कुनी मोठा केला?"

प्रभावती जायला लागली. मात्र दुपारच्या तासांना बसताना तिचं अर्धं चित्त निगडीतच असायचं. पाळण्याची दोरी फार लांब तर नाही ना, सासूबाई दूध गाळून देतात ना. वर्गातला जयसिंग तिला हसायचा. "वहिनी, तुम्ही फळ्याकडे बघता, पण तुम्हांला पाळणा दिसतो." हा जयसिंग भीमराजच्याच कंपनीत टाइम ऑफिसला होता, साहेबांच्या परवानगीनं शिकायला यायचा.

यंत्र कुणाच्या हाताला लागत नसे. ते काचेपलीकडच्या थंड खोलीत. आपण भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा रबर लावून खिडकीत द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाजूच्या खणातून घड्यांचा रुंद कागद उचलायचा. पहिल्या पानावर मोठाल्या इंग्रजी अक्षरांत तुमचा नंबर आणि तुमचं नाव, भोवती चांदण्यांची चौकट. पहिल्यांदा तो कागद घरी आणला तेव्हा गिरजाबाईंनी चौकटीवरून हात फिरवला होता.

तारखांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहा, असं सरांनी एकदा सांगितलं. नेमका त्याच सुमारास करुणाचा ट्रिपल लसीचा दुसरा डोस चुकला. लस मिळायची नगरपालिकेच्या दवाखान्यात, बुधवारी सकाळी. भीमराज फर्स्ट शिफ्टला, सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि एकटीनं पोर घेऊन त्या रांगेत उभं राहायचं प्रभावतीच्या जिवावर आलेलं. पुढच्या बुधवारी गेली तर लस संपलेली. घटसर्पानं काय होतं ते तिनं कॉलेजात असताना वाचलं होतं. वाचलं नसतं तर बरं, असं तिला त्या आठवड्यात फार वाटलं.

मग तिनं सरांचा अभ्यास आपल्या गल्लीवर सोडवला. कुठल्या बाळाचा आधीचा डोस कधी झाला, पुढचा महिन्यानंतर केव्हा, आणि त्यानंतरच्या कुठल्या बुधवारी बाप सेकंड शिफ्टला आहे. कारण सेकंड शिफ्टवाला सकाळी घरी असतो आणि जागाही असतो. मोठं पोर त्यानं धरायचं, धाकट्याला आईनं घेऊन रांगेत बसायचं. अख्ख्या वस्तीचं जगणं त्या तीन शिफ्टांवर चालायचं, पाहुणेसुद्धा शिफ्ट विचारून यायचे. डोसच तेवढा शिफ्ट न बघता ठरायचा, म्हणून चुकायचा.

अभ्यास तपासून झाला, गुण मिळाले, पण प्रोग्राम काही थांबला नाही. दर महिन्याला प्रभावती तोच गठ्ठा खिडकीत द्यायची. छापून आलेल्या कागदाच्या पट्ट्या फाडायची, बाळाचं नाव आणि बुधवारची तारीख मराठीत लिहून घरोघर द्यायची. बायका ती पट्टी कणकेच्या खळीनं दारामागे चिकटवायच्या. तारखांचाच तर अभ्यास आहे, असं ती स्वतःला समजावी.

"आमच्या लग्नात कुणी पत्रिका जुळवली नाही," शेजारच्या सुमनताई म्हणायच्या, "आणि आता हिचं यंत्र शिफ्ट जुळवतंय."

मागच्या गल्लीतली कस्तुरा तर पट्टी हातात घेऊन कपाळाला लावायची. ती बीडकडची, नवरा ज्योतीराम एका लहानशा वर्कशॉपात. "बगा ताई," ती म्हणायची, "तारीख माज्या ध्यानात ऱ्हात न्हाई. पट्टी आली की जायचं, न्हाई आली की न्हाई जायचं. लई सोपं केलंत." सगळ्याच बायकांनी तसं धरलं होतं. पट्टी नाही म्हणजे या महिन्यात डोस नाही.

दिवाळीनंतर करुणाला ताप आला. प्रभावती घरात अडकली. जयसिंग चौकशीला आला तेव्हा तिनं कार्डांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला, वर आपला नंबरही सांगितला, म्हणजे खिडकीत अडायला नको. त्यात आपण काही देतोय असं तिला वाटलंच नाही. तिच्या गल्लीत चावी शेजारी, साखर शेजारी, रांगेला जायचं असेल तर पोरसुद्धा शेजारी.

ताप उतरला. करुणा परत भिंत धरून उभी राहायला लागली. आणि एक दिवस भीमराज ड्यूटीवरून हसतच घरात शिरला.

"अहो बाईसाहेब, आमच्या नोटीस बोर्डावर तुमचं नाव लागलंय."

"माझं कशाला लागेल?"

"चांगलं मोठ्ठं. चांदण्यांची चौकट आहे. खाली आमच्या डिपार्टमेंटच्या पुढच्या महिन्याच्या शिफ्टा. पोरं मला विचारतायत, राव, आता वहिनी ठरवणार का आम्ही नाइटला कधी यायचं?"

गिरजाबाईही हसल्या. प्रभावती मात्र पदर डोळ्यांना लावून खाली बसली. जयसिंग दर महिन्याला शिफ्टांचा तक्ता हातानं लिहायचा आणि साहेबाची बोलणी खायचा, हे तिला ठाऊक होतं. तिच्या प्रोग्राममधलं शिफ्ट फिरवायचं काम त्यानं उचललं होतं, कंपनीची माणसं त्यात भरली होती, तिच्या नंबरावर छापून घेतलं होतं, आणि वरचं पान फाडायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"यात रडण्यासारखं काय आहे?" भीमराजनं विचारलं.

"नंबर बंद होईल माझा. परीक्षा महिन्यावर आली. यंत्रावरची परीक्षा नंबराशिवाय देता येत नाही. डिप्लोमा गेला की नाही?"

दुसऱ्या दिवशी खणात तिचा कार्डांचा गठ्ठा तसाच परत आलेला होता. वर खडूनं फुली. खिडकीतल्या माणसानं हळूच सांगितलं, "नंबर बंद केलाय, बाई. सरांकडे जा."

काटे सरांच्या टेबलावर दोन कागद पसरलेले होते. सरांनी शिफ्टांच्या तक्त्याचा रुंद कागद पुढे सरकवला. "या कागदापायी परवा तीन जणांची कामं छापायची राहिली. कागद संपला. तुमचं आहे?"

"नंबर माझा आहे, सर. काम माझं नाही."

"म्हणजे नंबर दिलात."

"दिला. मुलगी आजारी होती."

"मुलगी आजारी असली की तुम्ही चावी शेजारी ठेवता."

"एरवीही आम्ही ठेवतो, सर," प्रभावती म्हणाली, आणि जीभ चावली.

दारात खाकरल्याचा आवाज झाला. जयसिंग उभा होता. "सर, चूक माझी आहे, राव." मग स्वतःच दचकला. "राव नाही. सर."

"किती प्रती काढल्या?"

"एकच, सर. पण फोरमनला आवडली, मग दुसऱ्या डिपार्टमेंटनं मागितली."

"तुमचं नंतर बघू. बाहेर थांबा." जयसिंग गेल्यावर सरांनी दुसरा कागद उचलला. "हे मात्र जयसिंगचं नाही. दर महिन्याला निघतं. बुधवार, बुधवार, बुधवार. काय आहे हे?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्रभावतीनं सगळं सांगितलं. दवाखाना, रांग, सेकंड शिफ्ट, दारामागच्या पट्ट्या. सांगता सांगता तिचा आवाज जरा मोठा झाला, कारण गेल्या चार महिन्यांत पट्टी मिळालेल्या एकाही बाळाचा डोस चुकला नव्हता, आणि हे सांगताना हळू बोलणं तिला जमेना.

सरांनी प्रोग्रामच मागितला. ते सावकाश वाचत गेले, बोट एकेका ओळीवर ठेवत. एका ओळीवर बोट थांबलं.

"ज्याच्या बापाला शिफ्टच नाही, त्या बाळाचं काय होतं?"

"आमच्याकडे सगळ्यांना शिफ्ट असते, सर." सगळ्यांना दोन हात असतात म्हणावं, तसं ती म्हणाली.

"सगळ्यांना?"

"हो."

"मग ही ओळ कशाला लिहिलीत? शिफ्टच्या जागी शून्य असेल तर ते कार्ड सोडून पुढचं घ्या, असं तुम्हीच यंत्राला सांगितलंय."

ती ओळ कोऱ्या कार्डांसाठी होती. कोरं कार्ड गठ्ठ्यात आलं तर यंत्र अडू नये म्हणून. प्रभावती तसं म्हणायला गेली आणि तिला कस्तुराचा नवरा आठवला. ज्योतीरामचं वर्कशॉप दिवाळीला बंद पडलं होतं. नोंद बरोबर असावी म्हणून तिनं स्वतः नीट बसून त्याच्या कार्डावर शून्य घातलं होतं. म्हणजे कस्तुराच्या धाकट्या मंगलची पट्टी निघालीच नव्हती. आणि पट्टी नाही म्हणजे डोस नाही.

"सर, एक बाळ राहिलंय," ती म्हणाली. "तिसरा डोस."

काटे सरांनी चष्मा काढून पुसला. "हे असं आहे, बाई," ते म्हणाले. "चोरून केलेलं काम कुणी तपासत नाही. माझ्यापुढे आणलं असतं तर ही ओळ मी पहिल्याच दिवशी विचारली असती. आता असं करा. हे प्रकल्प म्हणून लिहून द्या, ही चूक दुरुस्त करून. दवाखान्याच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणजे ते घरचं काम राहणार नाही. प्रकल्प आला की नंबर उघडतो. आणि परत कुणाला दिलात तर मी ऐकणार नाही."

जयसिंगला महिनाभर नंबर नाही आणि कंपनीचा तक्ता पूर्वीसारखा हातानं, असं ठरलं. बाहेर भेटला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, माझ्यामुळे तुमचं वाटोळं होता होता राहिलं." एरवी तिनं त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती बसस्टॉपकडे जवळजवळ पळत होती.

कस्तुराच्या खोलीत नवीन बिऱ्हाड होतं. कढईत काहीतरी परतणारी एक अनोळखी बाई म्हणाली, आधीचे लोक आठवडा झाला गेले. सुमनताईंना ठाऊक होतं.

"ती ना? चाकणला गेली. ज्योतीरामला कांद्याच्या वखारीत काम लागलं. तुझी पोरगी तापात, म्हणून तुझ्याकडे आली नाही. मला विचारत होती, माझी पट्टी कधी निघणार? मी म्हटलं, निघाली की प्रभा देईलच. देते ना ती."

रविवारी भीमराज तिला घेऊन चाकणला गेला. करुणा बापाच्या खांद्यावर बसून कांद्याच्या पोत्यांकडे बोट दाखवत होती. तिला फार मजा वाटत होती. दोन वखारी झाल्या, तिसऱ्यात एक म्हातारा म्हणाला, असा एक गडी होता खरा, पण तो दुसरीकडे लागला. कुठे, ते माहीत नाही.

त्यानंतरचं सगळं चांगलंच झालं म्हणायचं. प्रोग्राममधली ती ओळ बदलली. शिफ्ट नसेल तर पहिलाच बुधवार आणि पट्टीवर एक फुली, म्हणजे सोबतीला गल्लीतलं कुणीतरी जायचं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघून मान हलवली आणि पुढच्या महिन्यापासून आपल्यालाही एक प्रत हवी म्हणाल्या. नंबर उघडला. परीक्षा झाली, डिप्लोमा मिळाला, आणि काटे सरांनी तिला पुढच्या वर्षीच्या मुलांचे तास घ्यायला बोलावलं. पहिल्या तासाला ती नंबराविषयी बोलली तेव्हा मुलं खिडकीबाहेर बघत होती. करुणाचे तिन्ही डोस झाले. ती आता गल्लीभर पळते आणि गिरजाबाई मागून ओरडतात. दारामागे पट्टी असलेलं घर दिसलं की प्रभावतीला अजून बरं वाटतं. एवढं एक राहिलंय, तेवढंच ती तुम्हांला विचारते.

तुम्ही चाकणच्या बाजाराकडे राहत असाल, तर कस्तुरा नावाची बाई कुठे दिसते का बघा. उंच आहे, बोलताना आधी "बगा" म्हणते, बरोबर मोठा मुलगा असतो आणि कडेवर मंगल. मंगलच्या उजव्या भुवईत केस नसलेली एक रेघ आहे. तिसरं इंजेक्शन झालं का, विचारा. झालं नसेल तर आता उशीर झाला म्हणून ती बिचकेल, तिला सांगा की अजूनही चालतं, डॉक्टरीणबाईंना विचारलंय. आणि दवाखान्यात तिच्याबरोबर जा. मोठ्या मुलाला तुम्ही धरा.