मऊ दोरा

कप्तानाने खिशातून रुमाल काढला, रुमालातून दोऱ्याचा तुकडा काढला आणि कुणाच्या तरी आजाराचा कागद ठेवावा तशा हलक्या हाताने तो ताईच्या टेबलावर ठेवला. त्याच्या डाव्या भुवईवर चार टाके होते. भोवतालची कातडी पिकल्या जांभळासारखी काळीनिळी झाली होती.

"ताई, रागावणार नसाल तर बोलतो."

"ते ऐकल्यावर ठरवते. बसा."

तो बसला नाही. हौशी लोकांना गळाने मासे धरायला खोल समुद्रात नेणारी त्याची होडी होती, आणि त्या होडीवरचा प्रत्येक लीडर गेली बावीस वर्षे याच टेबलावर, याच खिडकीच्या उजेडात बांधला जात होता. मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला, माशाच्या तोंडापाशी जाणारा पारदर्शक तुकडा म्हणजे लीडर. तो फ्लोरोकार्बन नावाच्या कृत्रिम धाग्याचाच हवा. पाण्यात शिरला की तो दिसेनासा होतो, खडकाला घासला तरी सहजी कुरतडला जात नाही, आणि स्वतःच्या वजनाने नीट खाली उतरतो. ताई त्याच्या एका टोकाला गळ बांधी, दुसऱ्या टोकाला मुख्य दोरीशी जोडणारी पितळी फिरकी. गाठ आवळण्याआधी ती ओठांत धरून ओली करी, कारण कोरडी ओढली तर घर्षणाने दोरा जळतो आणि जळाल्याचे कुणाला कळतही नाही. सगळे लीडर तिच्या स्वतःच्या मापाचे, बरोबर पाच विती. दुकान तिच्या धाकट्या भावाचे होते, पण गिऱ्हाईक मागताना 'ताईची गाठ' मागत असे.

"परवा मोठा मासा लागला होता," कप्तान म्हणाला. "अर्धा तास झुंजला. होडीशी आला आणि एकदम हाताला काहीच लागेना. दोरीवरचं शिशाचं वजन उलटं उसळून आलं ते इथे, भुवईवर. बोटभर खाली लागलं असतं, तर आज एका डोळ्याने तुम्हाला बघत असतो."

"आणि तुमचं म्हणणं, माझी गाठ सुटली."

"माझं नाही. मी दुकानात गेलो होतो. धाकटा म्हणाला, हल्ली ताईचे अंगठे फार दुखतात, गाठ सैल राहिली असेल. तुमच्या वतीने त्याने माफीसुद्धा मागितली."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती अशा रीतीने गेली, की चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. अंगठ्यांच्या सांध्यांत काचेचा चुरा भरल्यासारखे दुखणे तिने आजवर एकाच माणसाला सांगितले होते. रीळ गुंडाळता गुंडाळता, खालच्या आवाजात, आणि बाहेर बोलू नकोस असे बजावून. त्या माणसाने ते जपून ठेवले होते खरे. गरज पडेपर्यंत.

"माझ्या वतीने," ती म्हणाली. "मी काय मेले होते?"

तिने तुकडा उचलला. फिरकी जागेवर होती, फिरकीची गाठही शाबूत होती. तिने अंगठा आणि करंगळी ताणून माप घेतले. एक वीत. दोन. तीन. साडेतीनवर दोरा संपला.

"कप्तान, गळाची गाठ सुटली असती तर हा पाच विती भरला असता. हा मध्येच तुटलाय."

"मग खडकाला घासला असेल."

"लावा हात. कुठे खरखर लागते का बघा."

त्याने बोट फिरवले. दोरा गुळगुळीत होता. फक्त तुटलेले टोक च्युइंगगम ओढल्यासारखे बारीक होत गेले होते. ताईने फडताळातून जुन्या तुकड्यांची बरणी काढली, पाण्याने भरलेला पेला समोर घेतला, दोन्ही दोऱ्यांचे नखाएवढे तुकडे कापले आणि बोटांत नीट ओले करून एकदम सोडले. जुना सरळ तळाला गेला. नवा मात्र मधल्या पाण्यात रेंगाळत राहिला, जणू बुडावे की न बुडावे याचा त्याला अजून निर्णय घ्यायचा होता. मग तिने काडी ओढली. जुना दोरा ज्योतीत आक्रसला आणि ज्योत दूर होताच विझला. नव्याने पेट घेतला, आणि त्याचा एक जळता थेंब बशीत पडला.

"नायलॉन आहे," ती म्हणाली.

कप्तान टाक्यांवरून बोट फिरवत राहिला. "पण रिळावर तर..."

"रिळावर काय चिकटवलंय ते मला ऐकवू नका. चला."

दुकान दोन गल्ल्या पलीकडे होते. ती इतक्या झपाझप चालली, की समुद्रावर कधी पाय न घसरलेला तो माणूस मागे पडला. वाटेत एक गोष्ट तिला आतून टोचत होती, आणि प्रत्येक पावलागणिक ती ही गोष्ट रागाखाली दडपत होती. राग मोठा होता. बरेच काही झाकण्याइतका मोठा.

धाकट्याने दोघांना एकत्र येताना पाहिले आणि काउंटरवरची कात्री उगाचच सरळ केली. "ये, ताई. आत बस, चहा मागवतो."

"चहा नको. आतही नको. इथेच बोलू."

"काय झालं?"

तिने तुकडा काउंटरवर ठेवला. "हा पेटतो."

त्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला. साळसूद दिसण्यात त्याचा लहानपणापासून हातखंडा होता. फुटलेल्या प्रत्येक बरणीपाशी तो असाच, स्वच्छ चेहऱ्याने उभा असे.

"माल येत नव्हता," शेवटी तो म्हणाला. "गिऱ्हाईक थांबतं का? हा अगदीच तसा नाही. वरून फ्लोरोकार्बनचा मुलामा आहे."

"मुलामा."

"आणि मग गुंडाळायला रीळ तेच वापरलं, जुन्या मालाचं."

"आणि खापर फोडायला डोकं माझं वापरलं."

"ताई, नीट विचार कर ना." त्याने आवाज खाली आणला, जणू कप्तान तिथे नव्हताच. "गाठ सुटली म्हणजे माणसाची चूक. माणसाची चूक लोक चार दिवसांत विसरतात. दोरा खोटा निघाला तर दुकानच बसलं. मी आपल्या दोघांचा विचार केला."

"दोघांचा विचार करून एकीला विकलंस."

"असं तोडून बोलू नकोस."

"तुटलेलंच आहे. मी फक्त मोजलं."

कप्तानाच्या घशातून हसण्यासारखे काहीतरी निघाले, पण टाके ताणले गेले आणि ते तिथेच थांबले. धाकट्याचा चेहरा लाल झाला. अपमान झाला की तो नेम धरून बोलत असे, आणि आताही त्याने नेम धरला.

"मी लबाड. ठीक आहे. पण महिनाभर हा दोरा कुणाच्या हातात होता? डोळे मिटून दोरा ओळखते म्हणून तूच सांगत असतेस ना? मग तुला का नाही कळलं?"

 वाटभर दडपलेली गोष्ट आता काउंटरवर, सगळ्यांच्या मध्ये येऊन पडली होती.

खरा फ्लोरोकार्बन ताठर असतो, रिळावरून उतरला तरी वेटोळे सोडत नाही, आणि गाठ आवळताना अंगठ्याशी वैर धरतो. गेला महिनाभर त्याने वैर धरले नव्हते. एका सकाळी बारा लीडर बांधून झाले तरी सांधे शांत होते, आणि ती खिडकीत उभी राहून आपल्या हातांकडे बघत राहिली होती, दुरावलेली माणसे परत आल्यावर बघावे तशी. दोरा बदलला असेल ही शंका तिच्या मनाच्या दाराशी आली होती. तिने दार उघडले नव्हते.

खोटे बोलणे सोपे होते. मुलामा होता, फसले, एवढे तिला पुरले असते.

"कळलं होतं," ताई म्हणाली, आणि भावाला नव्हे, कप्तानाला म्हणाली. "बोटांना कळलं होतं. दोरा मऊ होता. अंगठा ठणकत नव्हता. मला वाटलं, मी बरी होतेय. ते वाटणं मला सोडवलं नाही. तुमच्या भुवईवर चार टाके आहेत, त्यांतले दोन माझे धरा."

कप्तानाने काउंटरवरचा तुकडा उचलून रुमालात गुंडाळला. मग म्हणाला, "उद्या सकाळी निघायचंय मला. होडीवर तुमचे सहा आहेत अजून."

"फेकून द्या. सहा नवे देते."

भिंतीवर तिचे तयार लीडर पुठ्ठ्यांवर गुंडाळून टांगलेले होते. तिने कात्री उचलली आणि एकेक पुठ्ठा उतरवून मधोमध कापत गेली. धाकटा "ताई, अगं" एवढेच म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित हात थांबला असता, कारण बरण्या फुटल्या तेव्हा त्याला पाठीशी घालणारीही तीच होती.

मग तिने बादली मागितली. ती त्यानेच, खाली मान घालून, भरून आणली. फळीवरची रिळे एकामागून एक उतरली; वरचे कागद तिने वाचलेच नाहीत. प्रत्येक दोरा ती बोटाभोवती गुंडाळी, सोडी आणि तो किती हट्टाने गोल राहतो ते बघे. नखाखालून हातभर ओढून बारीक खोच शोधी, तुकडा कापून पाण्यात सोडी. पहिला रेंगाळला. दुसरा रेंगाळला. चौथा खाली गेला, पण नखाला जागोजागी अडला. तो तिने बाजूला भिरकावला. नववे रीळ मागच्या रांगेत धूळ खात पडले होते. त्याचा दोरा बोटावरून सुटेना, नखाखालून एकसारखा सरकला आणि बादलीत सोडताच तळाशी गेला.

"हा खरा," ती कप्तानाला म्हणाली. "याने त्रास दिला तर मला सांगा. त्याला नाही, मला."

"ताई, मी ओढून देतो गाठी," धाकटा म्हणाला.

"तुझा हात माझ्या गाठीला लागायचा नाही."

काउंटरपाशी उभ्या उभ्या तिने पाच विती मोजल्या, गळ ओवला, वेढे घेतले, गाठ ओठांत धरून ओली केली आणि आवळली. उजव्या अंगठ्यातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आले. कप्तानाने नजर वळवली.

गाठ अजून पुरती बसली नव्हती. दात आवळून ताईने तोच अंगठा पुन्हा दोऱ्यावर रोवला.