महेशचा आवाज

नऊ वर्षं यशोधरा साळवेने एका कुरियर कंपनीचा टेम्पो चालवला. सकाळी अंबरनाथ पूर्वेच्या गोदामातून निघायची, उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या गल्ल्या पालथ्या घालायची आणि संध्याकाळी गाडी परत लावायची. महिन्याचा पगार, आठवड्याची सुट्टी, दवाखान्यासाठी ईएसआयचं कार्ड. तिच्याबरोबरचा बबन एकदा जिन्यावरून घसरून पाय मोडून बसला, तेव्हा दीड महिना त्याचं घर कंपनीने चालवलं.

मग मॅनेजर महेशने तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तिच्या नावाचा राजीनामा छापून तयार होता.

"सही कर. काम तेच, एरिया तोच, फक्त अ‍ॅपवर. आपली गाडी, आपली मर्जी. तू आता नोकर नाहीस, पार्टनर आहेस!"

"आणि नाही केली तर?"

"तर भिवंडीच्या गोदामात बदली. रोज पहाटे पाचला हजर."

घरी आईची एक बाजू लुळी पडलेली. यशोधराने सही केली.

मर्जी कसली! स्कूटर तिची, पेट्रोल तिचं, पंक्चरही तिचंच. हुकूम मात्र महेशचे. उजाडायच्या आत त्याचे व्हॉइस मेसेज सुरू व्हायचे. "सातला सगळे गोदामात पाहिजेत. टी-शर्ट कंपनीचाच. सुट्टी मागितली तर आयडी बंद."

एका दुपारी बदलापूर रस्त्यावर खडीवरून स्कूटर घसरली. मनगट मोडलं. रस्त्याच्या कडेला बसूनच तिने महेशला फोन लावला.

"पार्सलं फुटली नाहीत ना?" त्याने विचारलं.

"सर, माझा हात मोडलाय."

"मग घरच्यांना बोलाव. कंपनीची कोण लागतेस तू?"

तिसऱ्या दिवशी गैरहजेरीबद्दल तिचा आयडी बंद झाला.

प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून तिने फोनमधले त्याचे जुने मेसेज एकेक करून ऐकले. रडू आलं नाही. डोकं थंड होत गेलं. याच्याच तोंडाने याला बुडवायचं, तिने ठरवलं.

प्लॅस्टर निघाल्यावर ती गोदामात गेली आणि महेशपुढे मान खाली घालून उभी राहिली. "चुकलं सर. परत घ्या."

महेश खूश झाला. आयडी चालू झाला. पुढचे चार महिने ती एका शब्दाने उलटून बोलली नाही. उलट मुद्दाम विचारायची, "सर, उद्या उशिरा आले तर चालेल का?" तो भडकून धमक्या पाठवायचा, ती जपून ठेवायची. बेलवलीची सोनियाही अ‍ॅपवरच होती. भीत भीत तिने आपले मेसेज दिले, मग आणखी नऊ जणांनी.

अकरा जणांनी मिळून तक्रार केली आणि कल्याणला कामगार अधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागली. महेश इस्त्रीच्या शर्टात आला.

"मॅडम, ही मंडळी स्वतंत्र आहेत. मनात आलं तर येतात, नाही आलं तर नाही. आम्ही कधी जबरदस्ती करत नाही."

यशोधराने फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. महेशचा आवाज खोलीभर घुमला. एक मेसेज, दुसरा, दहावा. शिव्यांसकट.

कंपनीचा वकील खुर्ची सरकवून महेशपासून लांब बसला. "हे यांचे वैयक्तिक उद्योग आहेत. कंपनीला कल्पना नव्हती."

महेशचा चेहरा पांढराफटक पडला. याच क्षणासाठी यशोधराने चार महिने मान झुकवली होती. तिने डोळे भरून पाहून घेतलं.

कोर्टात जायला नको म्हणून कंपनीने समझोता केला. अकराही जणांना कायम नोकरीवर घेतलं. महेशला त्याच आठवड्यात घरी बसवलं.

दोन-तीन महिन्यांनी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात टेम्पो वळवताना तिला तो दिसला. स्कूटरवर, पाठीला भलीमोठी बॅग, घामाघूम. निर्वासितांच्या जुन्या बॅरेकींच्या नंबरांमध्ये पार हरवलेला. टेम्पो ओळखून तो स्कूटर लावून धावत आला.

"यशोधराताई, ही बॅरेक कुठे आली हो? अर्धा तास फिरतोय."

तिने पत्ता वाचला. मागचीच गल्ली होती, वीस पावलांवर.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि काच वर केली.

अंबरनाथला पोहोचेपर्यंत ती एकटीच गाणं गुणगुणत होती.