पुरुषांचा वॉर्ड

मोहगावात कुणाची पोर उजवायची असली की तिचा परिचय मुकुंद गुरुजींनीच लिहायचा, असा रिवाज पडून गेला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना दुसरं काम नव्हतं आणि ज्याच्या त्याच्या घरी चहा मिळत होता. त्यांनी लिहिलेल्या परिचयात एकही मुलगी काळी नव्हती की एकीचाही आवाज चढा नव्हता. अशा माणसाकडे नत्थूजी आपल्या प्रेमलताचा नोकरीचा अर्ज लिहून घ्यायला गेले. घोडं पेंड खाणार होतं ते इथेच.

पण इलाज नव्हता. प्रेमलता नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि तिथेच हंगामी कामाला लागली. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर आणि त्याला लागून असलेलं मोहगाव मध्यप्रदेशातच राहिलं. तिची मुदत संपली तेव्हा तिथल्या साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की आता आधी आमच्या राज्याच्या मुली. काटोलच्या मावशीकडे जाणंसुद्धा परराज्यात जाणं झालं होतं, तिथे नोकरीचं काय घेऊन बसता! इतक्यात सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नर्सची जागा निघाली. अर्ज जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्याला पाठवायचा होता आणि तोही हिंदीत. प्रेमलता हिंदी बोलायची, पण सरकारी हिंदी लिहिणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं; गावात ते एका गुरुजींनाच येत होतं.

त्याच सुमारास काटोलच्या गुणवंतरावांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली होती. घर चांगलं होतं, पण सुनेनं नोकरी केलेली त्यांना चालणार नव्हती. नत्थूजींनी पोरीला सांगून टाकलं, "जागा भेटली तं तुया मनासारखं. नाही भेटली तं माघात लग्न." प्रेमलताला लग्नाचं वावडं नव्हतं. शिकलेलं सगळं चुलीत घालायचं, याचं मात्र होतं.

गुरुजींनी झोकात लिहायला घेतलं. कन्या सुशील, निमगोरी, गृहकार्यात निपुण. वडिलांची संत्र्याची बाग, विहीर बारमाही. पैशाची गरज नाही, केवळ सेवाभाव.

"गुरुजी, पुरुषांच्या वार्डात काम केलं, ते?" प्रेमलतानं विचारलं. "अन् रातपाळी?"

"ते कागदावर नाही आनत, बाई. कागद कोनाच्या हाती पडन, काय सांगता येते? तुयाच भल्यासाठी करून राहिलो मी."

नत्थूजींनी मान डोलावली. वॉर्ड म्हणजे काय, रातपाळी म्हणजे काय, हे त्यांनी पोरीला कधी विचारलं नव्हतं. प्रेमलताला राग आला, पण बापासमोर गुरुजींना तोडून बोलणं तिच्यानं झालं नाही. तिनं सही केली.

छिंदवाड्याहून बोलावणं आलं. नत्थूजी सोबत गेले आणि भिंतीकडच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. मोठ्या डॉक्टरांनी अर्ज वाचला.

"विहिरीला बारमाही पाणी आहे, हे वाचून आनंद झाला," ते हिंदीत म्हणाले. "पण सौंसरला एकच नर्स राहील. बाई असो, पुरुष असो, दिवस असो, रात्र असो, तिनंच बघायचं. तुझ्या अर्जात यातलं काहीच नाही. मी दुसऱ्या मुलीला बोलावतो."

प्रेमलतानं एकदा बाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी केलंय साहेब. सगळं केलंय."

"मग लिहून दे. मराठीत लिही, चालेल. आणि वाचून दाखव."

तिनं उभ्या उभ्याच लिहिलं आणि वाचलं. पुरुषांच्या वॉर्डात काम केलं. रातपाळ्या केल्या. भाजलेल्यांच्या पट्ट्या बदलल्या, तुंबलेल्यांची नळी घालून लघवी काढली. उठता न येणाऱ्यांना अंग पुसून स्वच्छ केलं. ज्यांचं कुणी आलं नाही, त्यांची प्रेतं धुतली. अंग पुसण्याच्या ओळीवर तिचा आवाज अडखळला. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच संताप आला. पण कागद तिनं शेवटपर्यंत वाचला.

डॉक्टर नत्थूजींकडे वळले. "तुमची काही हरकत?"

"साहेब," नत्थूजी म्हणाले, "मले हे आजच समजून राहिलं." डॉक्टरांनी ती हरकत धरली नाही. जागा प्रेमलताला मिळाली.

परतीच्या बसमध्ये नत्थूजी खिडकीबाहेर बघत राहिले. बाप आता आपल्या हातचं पाणी तरी घेईल का, या धास्तीनं प्रेमलताचा जीव टांगणीला लागला होता. उतरताना ते एवढंच म्हणाले, "काटोलवाल्याले सांगा लागन."

काटोलला सांगायला ते स्वतः गेले. गुणवंतरावांच्या ओसरीवर बसून त्यांनी नोकरीचं सांगितलं. मग पोरीनं वाचलेलं जसंच्या तसं सांगितलं: पट्ट्या, नळी, अंग पुसणं, प्रेतं. त्यातलं एकही त्यांनी गाळलं नाही. गुणवंतराव ऐकत राहिले. माणूस वाईट नव्हता, उलट त्यांना वाईटच वाटलं.

"नोकरीचं पाहून घेतलं असतं आपन," ते हळू आवाजात म्हणाले. "पन हे बाकीचं कायले सांगतलं, नत्थूजी? नसतं सांगतलं तं कोनाले समजलं असतं?"

नत्थूजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि टोपी डोक्यावर घातली.

"पोरीनं चोरी केली असती, तं लपवलं असतं."