तीन नंबरच्या पेटीची आई

चूक माझी होती, आणि ती नेमकी अंबूबाईंसमोर सापडावी याचा मला भयंकर राग आला.

कर्जतच्या आमच्या केंद्रात अंडी उबवायच्या चार पेट्या आहेत. त्या चालवणारा प्रोग्राम मी लिहिलाय. गेल्या पंधरवड्यात खालापूरकडच्या वाडीवर मानमोडीची साथ आली आणि अंबूबाईंच्या काळ्या कोंबड्या एकूण एक मेल्या. उरली फक्त आधीच इथे आणून ठेवलेली, तीन नंबरच्या पेटीतली साठ अंडी. आज त्यांचा एकोणिसावा दिवस. पिल्लं आतून चोच मारायच्या बेतात असतात, म्हणून एव्हाना ट्रे सपाट होऊन थांबायला हवा. तो अजून डावी-उजवीकडे कलत होता.

कारण लगेच सापडलं. आधीच्या खेपेला त्या पेटीत बदकाची अंडी होती, म्हणून मी तिचा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला तिचा साचा, 'बदक' या क्लासखाली जोडला होता. ट्रे कधी हलवायचा, कधी थांबवायचा, हे पेटीला स्वतःला ठाऊक नसतं. दर मिनिटाला ती आपल्या वरच्या क्लासला, म्हणजे आईलाच म्हणा ना, विचारते. बदकीण सांगते, पंचविसाव्या दिवसापर्यंत हलव. कोंबडीची अंडी ठेवताना ते बदलायचं मी विसरले.

"मंग बंद कर ना ती, निशिगंधा," अंबूबाई म्हणाल्या.

"प्रोग्राम बंद केला तर चारही पेट्या पहिल्या दिवसापासून मोजायला लागतील, मावशी. वर अर्धा तास गार हवा सोडतील."

ट्रेची वायर उपटावी तर पंखाही तिच्यावरच. प्रोग्राम बंद पडला तरी मोजलेले दिवस साठवून ठेवायची सोय मी 'पुढच्या महिन्यात' करणार होते. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

अंबूबाई काचेतून बघत राहिल्या. "आमच्यात अंड्यांवर बसल्याली खुडूक कोंबडी मधीच उठली, तर आमी अंडी गार नाय होऊ देत. ऊन हायेत तवरच दुसरीच्या पोटाखाली सारायची. अंडी तीच, दिवस तेच. आई तेवडी दुसरी."

ही बाई मला माझाच धंदा शिकवत होती. प्रोग्रामच्या या भाषेत क्लासची आई चालता चालता बदलता येते हे मी वाचलं होतं, पण चालू पेटीवर करून बघायची छाती झाली नव्हती. चालत्या प्रोग्रामला हुकूम द्यायची खिडकी उघडली, 'बदक'च्या जागी 'कोंबडी' लावणारी एक ओळ लिहिली. एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. मग मिनिट भरलं, पेटीने विचारलं, आणि या वेळी उत्तर कोंबडीने दिलं. ट्रे सावकाश सपाट झाला आणि थांबला. पडद्यावर आकडा तसाच होता: दिवस एकोणीस, तास सात. क्षणात तिचं कूळ बदललं होतं आणि जगलेला एक तासही ती विसरली नव्हती. पंधरा वर्षं हे काम करते, पण आपण काय हाताळतो ते त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

अंबूबाईंना पडद्याशी देणंघेणं नव्हतं. "पन जिती हायेत का गं?"

ते पडद्यावर कुठेच दिसत नाही.

त्यांनी पेटीच्या दाराला गाल लावला आणि कोंबडी पिल्लांना बोलावते तसा हलका आवाज काढला. थांबल्या. परत काढला. आतून, कवचाआडून, एक बारीक चिवचिव आली. मग दुसरी. मग मोजता येईनात.

अंबूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"व्हय रं बाळांनो," त्या दाराला म्हणाल्या, "मी हितंच हाय."