दोन स्क्रू

“वहिनी, ती प्लेट राहू दे तशीच. कोण बघतंय?” डॉइल आपल्या ट्रकच्या बोनेटला टेकून म्हणाला.

व्हर्लीन जुन्या ब्यूक गाडीच्या मागे उकिडवी बसली होती. नंबर प्लेटवरची धूळ तिने अंगठ्याने पुसली. “ही कॅन्सस राज्याची आहे, आणि कोएन काकांच्या नावावर आहे. गाडी विकली की प्लेट मालकाकडे राहते.”

“अगं, ते स्वतःच म्हणतायत ना, घेऊन जा म्हणून!”

कोएन काका अंगणात पत्र्याच्या खुर्चीवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी. गेल्या वसंतात डॉक्टरांनी डोळे तपासले आणि त्याच संध्याकाळी मुलीने गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. गाडी विकायची जाहिरातही तिनेच दिली.

“घरी पोचलीस की टपालानं पाठव, बाई,” ते म्हणाले. “माझा विश्वास आहे. समोर बघितलं की मला माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसते कान दिसतात. तुझे कान प्रामाणिक वाटतात.”

व्हर्लीन हसली. पण जागची हलली नाही.

“तुमचा विश्वास मला पुरेसा आहे, काका. रस्त्यावरच्या पोलिसाला नाही पुरणार.”

ओक्लाहोमातल्या आल्वा गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती वीस-बावीस वर्षे मुलांना जेवण वाढत होती. मोठ्याने बोलण्याची सवय नव्हती, आणि ठरवलेली गोष्ट सोडण्याचीही नव्हती. सोमवारी बालकल्याण खात्याची बाई तिच्या घरी येणार होती. नात टेसा, वय वर्षे सहा, वर्षभर एनिड गावी परक्या घरात राहत होती. तिला आजीकडे द्यायचे की नाही, हे सोमवारी ठरणार होते. घर बघून झाले होते, झोपायची खोली बघून झाली होती. राहिली होती गाडी. शाळा, दवाखाना, सगळेच लांब. व्हर्लीनची जुनी गाडी हिवाळ्यात बंद पडली ती पडलीच. “गाडी हवी, आणि तिच्यावर काही भानगड नको,” असे त्या बाईने स्पष्ट सांगितले होते. आल्वात व्हर्लीनला परवडतील अशा गाड्या धूर ओकणाऱ्या होत्या. ही एकाच मालकाने वापरलेली, गॅरेजात ठेवलेली. म्हणून दीर डॉइलला विनवून ती सीमेपलीकडे इतक्या लांब आली होती.

“बरं, ती नको तर ही घे.” डॉइलने ट्रकच्या सीटमागून एक प्लेट काढली. “माझ्या जुन्या ट्रकची. ओक्लाहोमाची प्लेट, ओक्लाहोमाची बाई. कोणाला शंका यायची? पाचला माझी कामाची पाळी आहे, वहिनी. तात्पुरत्या नंबरासाठी कार्यालयात रांगेत उभं राहायला मला वेळ नाही.”

व्हर्लीनने प्लेटकडे बघितले. मग त्याच्याकडे.

“अशीच एक प्लेट तू ब्रॉडीला दिली होतीस,” ती हळूच म्हणाली.

वाऱ्याने अंगणातल्या पवनचक्कीचे पत्र्याचे पाते करकरले. ब्रॉडी म्हणजे तिचा मुलगा, टेसाचा बाप. त्याला पोलिसांनी पहिल्यांदा अडवले ते दुसऱ्याच्या प्लेटमुळे. मग डिकी उघडली. मग एकेक भानगड उघडत गेली. आता तो तुरुंगात होता.

डॉइलने प्लेट सीटमागे टाकली. ट्रकमध्ये बसून निघून गेला. ट्रकमागची धूळ हळूहळू खाली बसली.

“गेला?” काकांनी विचारले.

“गेला.”

“चांगलं टोचलंस. आता जाशील कशी? गाडीला तात्पुरता नंबर लागणार, आणि तो देणारं कार्यालय गावात. चारला बंद होतं. उद्या-परवा सुट्टी.”

व्हर्लीन ब्यूकला पाठ टेकून उभी राहिली. रागाच्या भरात ट्रक घालवला होता, आणि गाडी तर बिननंबराची रस्त्यावर नेता येत नव्हती. थोड्या वेळाने तिने विचारले, “काका, मालकीच्या कागदावर तुम्ही सही केलीय का?”

“कुठली? मघापासून पेनच सापडेना.”

“मग गाडी अजून तुमची आहे. प्लेट तुमची, विमा तुमचा. तुम्ही बाजूला बसा. तुमच्या परवानगीनं मी तुम्हाला गावात नेते. सही तिथं करू.”

काका एकदम मोठ्याने हसले. “म्हणजे तू माझी ड्रायव्हर!”

“चार वाजेपर्यंत.”

गाडी फाटकाबाहेर काढण्याआधी काका म्हणाले, “थांब जरा. निघण्यापूर्वी आमच्याकडे प्रार्थना असते. माझी बायको अल्मा डोळे मिटायची. मी नाही मिटायचो, कोणीतरी रस्ता बघायला हवा ना.” ते थांबले. “आज मीही मिटतो.”

दोघांनी डोळे मिटले. इंजिन हलके घरघरत होते.

कार्यालयात खिडकीमागची मुलगी घड्याळाकडे बघत होती, पण बोलायला गोड होती. व्हर्लीनने आपल्या नावच्या विम्याचे कार्ड पुढे ठेवले. ते तिने सकाळीच वाचनालयात छापून घेतले होते. अवघड होती ती सही.

“जपून हं, आजोबा,” मुलगी म्हणाली. “विकणाऱ्याची ओळ वरची. खालच्या ओळीवर सही पडली तर खाडाखोड चालत नाही. नवा कागद मागवायला लागेल.”

“किती दिवस?” व्हर्लीनने विचारले.

“सोमवारपर्यंत तर नाहीच.”

काकांचा हात पेनासकट हवेत थांबला. व्हर्लीनने विम्याचे कार्ड आडवे धरले आणि त्याची कड वरच्या ओळीखाली लावली. “माझ्या कार्डाच्या वर, काका. बोटानं चाचपा. हां, इथून.”

काकांनी मान वळवून भिंतीकडे बघितले. तिरके बघितले की त्यांना कागदाची कड दिसत असावी. सही कार्डाला टेकत, अडखळत पुढे गेली आणि शेवटच्या अक्षराला जरा वर उडाली.

“बरोबर पडली,” मुलगी म्हणाली.

कागदी नंबर हातात आला तेव्हा शिपाई दाराचा अर्धा पडदा ओढत होता.

बाहेर पार्किंगमध्ये काका ब्यूकच्या मागे गुडघ्यांवर बसले. गाडीच्या खणात त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर होताच.

“मी काढते ना.”

“नको. मी लावली होती, मीच काढणार.”

पहिला स्क्रू सहज निघाला. दुसरा गंजलेला. स्क्रू-ड्रायव्हर घसरून त्यांच्या अंगठ्याला लागला. व्हर्लीनने हात पुढे केला आणि मागे घेतला. काकांनी अंगठा तोंडात धरला, पुन्हा खाच चाचपली, अंगाचा भार टाकला. स्क्रू कुरकुरला आणि फिरला. प्लेट निघाली तेव्हा तिच्यामागचा पत्रा बाकीच्या गाडीपेक्षा गडद, नव्यासारखा निळा होता. काकांना तो दिसला नसावा. त्यांनी तिथून फक्त हात फिरवला.

व्हर्लीनने मागच्या काचेला आतून कागद चिकटवला आणि दार उघडले. काका प्लेट काखेत धरून बाहेरच उभे.

“चला ना. घरी सोडते तुम्हाला.”

“मघाशी मी माझ्या गाडीत बसलो होतो,” ते म्हणाले. “आता विचारून बसायला हवं.”

“बसा, काका.”

त्यांनी बसण्यापूर्वी दोन्ही बूट पायावर पाय घासून साफ केले. वाटेत ते एकदाच म्हणाले, “तिसऱ्या चौकात खड्डा आहे, डावीकडून घे,” आणि खड्डा तिथेच होता.

फाटकाशी उतरून त्यांनी रुमालाची गाठ तिच्या तळहातावर ठेवली. आत दोन स्क्रू होते.

“तुझी प्लेट आली की लागतील. या भोकांना याच स्क्रूंची सवय आहे.”

आरशात ते बराच वेळ दिसत राहिले. मग गॅरेजकडे वळले. रिकाम्या गॅरेजचे दार त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढले.

मेडिसिन लॉज गाव मागे पडले आणि तांबड्या टेकड्या सुरू झाल्या. तिथेच मागून पोलिसाची गाडी आली. दिवे लागले.

व्हर्लीनने गाडी कडेला घेतली आणि हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवले. ब्रॉडीनेही असेच ठेवले असतील का, हा विचार आलाच.

पोलीस तरुण होता. “मागचा कागद वाचता येईना, बाई. नंबर कुठं आहे?”

“काचेलाच आहे. मालकीचा कागद, पावती आणि विमा खणात आहे. काढू का?”

“काढा.”

तो कागद घेऊन आपल्या गाडीत गेला. टेकडीवरच्या गवतातून वारा वाहत होता. तो परत यायला फार वेळ लागला, किंवा तिला तसे वाटले.

“सगळं चोख आहे,” तो म्हणाला. “उन्हानं कागदाचा कोपरा सुटून आत वळलाय. थांबा.” त्याने चिकटपट्टी आणली, मागचे दार उघडून कोपरा नीट दाबून बसवला. “कुठवर जायचं?”

“आल्वा. घरी.”

“जा मग. सावकाश.”

तिने कागद पुन्हा खणात ठेवले. मग निघाली. सीमेवरची पाटी आली आणि गेली. ओक्लाहोमाचा रस्ता जरा खडबडीत लागला, एवढाच फरक.

घरापुढे डॉइलचा ट्रक उभा होता. कामाची पाळी बुडवून तो पायरीवर बसला होता. शेजारी लहान मुलांची गाडीत बसायची उंच सीट, ओली.

“माझ्या शेडमध्ये होती,” तो म्हणाला. “ब्रॉडीनं टेसासाठी घेतलेली. धुतली.”

तो उठून ब्यूकच्या मागे गेला. वाकून कागदी नंबर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला.

“अडवलं?”

“अडवलं.”

“मग?”

“मग सोडलं.”

डॉइलने मान खाली घातली. व्हर्लीनने सीट उचलून ब्यूकच्या मागच्या बाकावर ठेवली. दोन्ही हातांनी दाबून पक्की बसवली. मग रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटका लागेपर्यंत नीट अडकवला.