भीमपलासच्या दोन तबकड्या

मोरेश्वर मास्तर सौंसरच्या शाळेत गणित शिकवत आणि घरी पेटी वाजवत. पांढुर्ण्याचे कापडवाले नत्थूजी त्यांचे जिवलग मित्र. या दोस्तीत एक भांडण वर्षानुवर्षं चालत आलं होतं. नत्थूजींकडे पेटीवर वाजवलेल्या भीमपलासच्या दोन तबकड्या होत्या. एक आमगावकर बुवांची, जुनी, खरखरणारी. दुसरी वाजिद मियाँची, नवी आणि लखलखीत. रेडिओवर तेव्हा पेटीला बंदी होती. त्यामुळे या दोन तबकड्या हीच त्यांची मैफल.

"तुझा बुवा सरळ रस्त्यानं चालते," नत्थूजी म्हणत. "मियाँ पाय, कसा वळसा घेते!"

"वळसाच घेते. घरी कधी पोचते?" मास्तर उलट विचारत. "बुवा मध्यमावर येऊन थांबते नं, तिथं कान देऊन ऐक. भाता हळूच उचलते. जीव हाय त्या जागेत."

छप्पनच्या पावसाळ्यात मास्तरांच्या रुमालावर रक्त दिसलं. त्यांची बायको नलिनी त्यांना छोट्या रेल्वेगाडीनं नागपूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी क्षय सांगितला. आठ दिवस दवाखान्यात ठेवलं, पण गोळ्या मास्तरांना सोसेनात. पोटात पाण्याचा घोटही टिकेना. मग उरली ती सुई.

"या औषधानं कान जाऊ शकतात," डॉक्टर म्हणाले. "शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर सांगा."

 परतीच्या गाडीत मास्तर म्हणाले, "कान गेले तर मी सुई घेणार नाही, नलिनी. बहिरा होऊन मले जगायचं नाही."

कवडू कंपाउंडर रोज सकाळी येऊन सुई टोचू लागला. नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिले. चौकात माणसं तावातावानं बोलत होती, पण मास्तरांच्या घरात त्याचा कुणाला पत्ता नव्हता. तिथं एकच प्रश्न होता: कान राहतात की जातात. दर रविवारी नत्थूजी प्रवासी मोटारीनं ग्रामोफोन घेऊन येत. मास्तर डोळे मिटून बसत. नत्थूजी न सांगता एक तबकडी लावत आणि कोणाची ते मास्तर ओळखत. जोवर ओळखू येते, तोवर सुई घ्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पहिले काही रविवार ते अचूक सांगत. मग एकदा चुकले.

नत्थूजींनी तोंड उघडलं, तोच मागे उभ्या असलेल्या नलिनीनं हात जोडले.

"बरोबर," नत्थूजी म्हणाले.

निघताना ते अंगणात तिच्यावर चिडले. "वहिनी, आमच्यात सतरा भांडणं झाली, पण सुरात मी त्याच्याशी कधी खोटं बोललो नाही. आज तुम्ही बोलायले लावलं."

"मी एकटी जाऊन डॉक्टरांना विचारून आली, भाऊजी. सुई बंद केली तर माणूस जाते. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

 त्यानंतर नत्थूजी दर रविवारी 'बरोबर' म्हणू लागले. घरात सगळे मोठ्यानं, मास्तरांच्या समोर येऊन बोलत. मास्तर त्यांच्या ओठांकडे पाहत राहत आणि लोक हल्ली पुटपुटतात अशी तक्रार करत.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी नत्थूजींनी मियाँची तबकडी लावली. मास्तरांनी डोळे मिटले. तबकडी जेमतेम फिरली असेल नसेल, ग्रामोफोनच्या आत खटकन आवाज झाला आणि त्याची कमान तुटली. सूर घरंगळत खाली गेला आणि बंद पडला. खोलीत शुकशुकाट झाला.

मास्तर मात्र डोलत होते. मांडीवर त्यांची बोटं चालत होती. चेहऱ्यावर असं सुख होतं, की नलिनीनं तोंडात पदर कोंबला. नत्थूजींना काय करावं कळेना. मास्तरांच्या बोटांनी सम गाठली. "वाः!" ते म्हणाले. "बुवा! आज काय साफ ऐकू येऊन राहिलं!"

"बरोबर!" नत्थूजी ओरडले.

मास्तरांनी डोळे उघडले. ग्रामोफोनची सुई तबकडीच्या सुरुवातीलाच रुतली होती आणि तबकडी निश्चल होती. त्यांनी तिला बोट लावून पाहिलं. मग नत्थूजींकडे पाहिलं, मग नलिनीकडे.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

नत्थूजी तबकडी उचलून पाकिटात घालू लागले. बोलूनही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कवडूला दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या दिवशीही. नलिनी रडली, भांडली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नत्थूजी धावत आले आणि खांदे धरून त्यांना हलवू लागले. "हो, मी खोटा हाय! मले मार! पण तू मरू नको!" मास्तर नुसते त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत होते.

एका सकाळी नलिनी स्वयंपाकघरातून पाटी घेऊन आली. ती आता रडत नव्हती. तिनं पाटीवर लिहिलं आणि ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

'तुमच्या त्या दोन भीमपलासांत मला कधी फरक कळला नाही. मला तुमचा खोकला कळतो. चुलीजवळ बसून कळतो. कोरडा कोणता, ओला कोणता, रक्ताच्या आधीचा कोणता. आज पहाटेपासून रक्ताच्या आधीचा चालू आहे. तुम्हाला तो ऐकू येत नाही. मला येतो.'

मास्तरांनी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला आणि खोकून पाहिलं. तळव्याला धक्का लागला. बाकी काही नाही. त्यांनी नलिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक होता.

"येऊ दे कवडूले," ते म्हणाले आणि बाही वर केली. सुई जाईपर्यंत त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

ते जगले. पुढल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी छाती साफ असल्याचं सांगितलं. कान परत आले नाहीत. शाळेतली नोकरी सुटली; नत्थूजींनी त्यांना दुकानात बसवलं. तिथं ते गुमान कापड मोजत. आपला आवाज किती चढतो हे त्यांना कळत नसे, आणि गिऱ्हाइकं हसत. पेटी नलिनीनं लोधीखेड्याच्या एका भजनी मंडळाला देऊन टाकली. मास्तरांनी पेटीबद्दल विचारलं नाही.

एकदा पांढुर्ण्याहून परतताना मोटार गच्च भरली होती. मास्तर नलिनीच्या कानाशी झुकले. त्यांना वाटलं, आपण कुजबुजतो आहोत.

"तू मले जगवलं नं, त्याचा राग अजून गेला नाही माह्या मनातून."

अख्ख्या मोटारीनं ते ऐकलं. पुढल्या बाकावरच्या बायका वळून पाहू लागल्या. ड्रायव्हरनंही आरशातून पाहिलं. नलिनीनं त्यांना गप्प केलं नाही. त्यांना दिसेल अशी तिनं मान हलवली, आणि खिडकीतून त्यांच्या अंगावर ऊन येत होतं त्या बाजूला स्वतः सरकून बसली.